बुलेट खरेच मजबूत होती का?

बुलेटइतके तेल दुसऱ्या कुठल्या मोटारसायकलीने गोव्याच्या अंगणांत सांडले नसेल, आणि ‘मजबूत’ हे बिरुदही बुलेटइतके दुसऱ्या कुठल्या गाडीला मिळाले नाही. पेडण्यात किंवा डिचोलीत साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तो दोन्ही गोष्टी एका दमात सांगेल. रात्री गाडी उभी केली की इंजिनाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, सकाळी त्यावर उमटलेले काळे वर्तुळ पाहायचे, आणि मग त्याच गाडीवर दोन माणसे नि एक पोते घेऊन म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला निघायचे. नव्या गिऱ्हाइकाने ‘मेस्त्री, तेल गळटा’ म्हणून कुरकुर केली की उत्तर ठरलेले असे: ‘गळटा म्हळ्यार तेल आसा मरे!’ गळायचे थांबले तरच काळजी, कारण मग आत काही उरलेलेच नसणार.

आता ह्याची उलट बाजू पाहा. आजच्या बुलेटखाली किंवा त्याच कंपनीच्या क्लासिकखाली कुणी पुठ्ठा ठेवत नाही. सकाळी बटण दाबले की ती चालू होते. तरीही गॅरेजच्या बाकावर बसलेला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘आता पूर्वीची बुलेट राहिली नाही, सगळा पत्रा झाला.’ जी गाडी दर महिन्याला पाना मागायची ती मजबूत, आणि जी वर्षभर पाना मागत नाही ती पत्र्याची, असा हा निवाडा आहे. तो निव्वळ म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून देता येत नाही. त्यात काही खरे आहे, फक्त ते सांगणाऱ्याला वाटते त्या जागी नाही.

आधी थोडा इतिहास. इंग्लंडमधील रेडिच गावच्या एनफिल्ड सायकल कंपनीने १९०१ मध्ये ‘रॉयल एनफिल्ड’ नावाने पहिली मोटारसायकल बनवली. ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे तिचे घोषवाक्य. बुलेट हे नाव १९३२ मध्ये आले. आपल्याला ओळखीची ३५० सीसीची बुलेट मात्र महायुद्धानंतरची. भारतीय लष्कराला सीमेवर गस्त घालायला दणकट गाडी हवी होती. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात आठशे बुलेट मागवल्या गेल्या, १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आधी जोडणी नि १९६२ पर्यंत सगळे सुटे भाग इथेच, अशी वाटचाल झाली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, मूळ कंपनी १९७० उलटताना संपली, आणि तिथून आणलेल्या साच्यांवर, तिथूनच आलेल्या यंत्रांवर मद्रासमध्ये तीच गाडी पुढे तीसेक वर्षे निघत राहिली. ह्या शेवटच्या वाक्यात बुलेटच्या चांगल्यावाईट बहुतेक गोष्टींचे मूळ आहे.

त्या इंजिनात होते काय? ३४६ सीसीचे एकच सिलिंडर, ७० मिमी व्यासाचे. दट्ट्याची धाव ९० मिमी, म्हणजे व्यासापेक्षा बरीच जास्त. जोडीला भलीमोठी जड फ्लायव्हील. असे इंजिन वेगाने फिरत नाही, फिरवू नये. ते सावकाश, दमदार ठोके देत ओढते. एवढ्या मोठ्या इंजिनातून जेमतेम अठरा अश्वशक्ती बाहेर पडत असे. आजच्या मापाने ती फारच कमी, पण त्यातच त्याच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण आहे. भागांवर ताण कमी, फेरे कमी, झीज हळू.

आता दुसरी बाजू. इंजिनाची पेटी वेगळी, गिअरची पेटी वेगळी, दोन्हींना जोडणारी साखळी तिसऱ्या डब्यात. त्या डब्याचे झाकण मधल्या एकाच नटावर आवळलेले, कडेने रबरी पट्टी. नट जरा जास्त आवळला तर झाकण वाकते, कमी आवळला तर तेल झिरपते. सिलिंडर ओतीव लोखंडाचा, डोके अ‍ॅल्युमिनियमचे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे मधले पॅकिंग रोज थोडे घासले जाते. शिवाय दट्ट्या खाली येताना इंजिनाच्या पेटीतली हवा दाबतो. ती हवा बाहेर सोडणारी झडप तुंबली की दाब दुसरी वाट शोधतो, म्हणजे प्रत्येक सांध्यातून तेलाला बाहेर ढकलतो. त्यात जुन्या यंत्रांवर कापलेले पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसत नसत. इंग्लंडमध्येसुद्धा ह्या गाडीला चिडवायला ‘रॉयल ऑइलफील्ड’ म्हणत, तेव्हा गळती ही काही मद्रासची देणगी नव्हे. मद्रासने ती इमानाने पुढे चालवली, इतकेच.

कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बहुतेक गाड्यांत रोलर बेअरिंग असते. बुलेटमध्ये तिथे तेलावर तरंगणारा बुश होता. तेल स्वच्छ आणि पुरेसे असेल तर तो छान चालतो. नवी गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात कुणी उत्साहाने ती ऐंशीच्या वर पळवली, किंवा तेल बदलायला विसरला, की तो बुश जायचा आणि मग अख्खे इंजिन खोलावे लागे. इग्निशनला पॉइंट आणि कंडेन्सर. पावसाळ्यात पॉइंटच्या डबीत ओल शिरली की ठिणगी बंद. टॅपेटची फट महिन्या-दोन महिन्यांनी बघायची, आणि तीही मापपट्टी न लावता: झाकण काढून पुशरॉड दोन बोटांनी फिरवायचा, अडखळत नाही पण खुळखुळतही नाही इतपत सैल ठेवायचा. गाडी चालू करायचाही विधी होता. अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबायची, डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून दट्ट्या शिखराच्या किंचित पुढे न्यायचा, खटका सोडायचा आणि मग सगळे वजन टाकायचे. चुकले तर किक उलटी येऊन नडगी फोडते. गोव्यात कित्येकांच्या नडगीवर ते वण अजून आहेत आणि ते लाजेने नव्हे, तोऱ्याने दाखवले जातात.

एवढे वाचल्यावर कुणीही म्हणेल, ही गाडी भरवशाची कशी? इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. गाडी किती वेळा बिघडते हा एक प्रश्न. बिघडल्यावर माणूस रस्त्यात अडकून पडतो की नाही हा निराळा प्रश्न. जुनी बुलेट वारंवार बिघडे, पण बहुधा अर्धवट बिघडे. तेल गळत असताना ती चालायची, पॉइंट झिजलेले असताना चालायची, टॅपेट खडखडत असताना तर महिनोन्महिने चालायची. आणि पूर्ण थांबली तरी सीटखालच्या पिशवीतला प्लगचा पाना, पॉलिशपेपरचा चिटोरा आणि वायरचा तुकडा एवढ्यावर दहातले आठ आजार रस्त्याकडेला बरे होत. उरलेल्या दोनांसाठी गावातला फिटर होता. गाडीचे आतले सगळे डोळ्यांना दिसे, हाताला लागे, आणि चाळीस वर्षे त्यात फारसे काही बदलले नव्हते. म्हणून एका पिढीच्या फिटरचे ज्ञान पुढच्या पिढीला जसेच्या तसे चालले. लोक ज्याला गाडीची मजबुती म्हणत होते तिच्यातला मोठा वाटा ह्या माणसांचा होता.

डिचोलीत तर ह्या माणसांची वाण कधीच नव्हती. खाणींमुळे. साखळी, मये, पाळी, वेळगे, सुर्ला ह्या पट्ट्यात खनिजाचे ट्रक दशकानुदशके धावले आणि ट्रकांच्या मागोमाग वेल्डर, लेथवाले, स्प्रिंगपाट्यांचे कारागीर, डिझेलचे फिटर आले. ज्याला टिपरचा किंगपिन बुश बदलता येतो त्याला बुलेटचा बुश कातून देणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. पेडण्याची तऱ्हा वेगळी. शेती, काजू, मासेमारी ह्यांच्या ह्या तालुक्यात गॅरेजे विरळ आणि अंतरे लांब. चापोरा नदीवर शिवोली-चोपडे पूल होण्याआधी मांद्रे-मोरजीच्या माणसाला म्हापशाहून सुटा भाग आणायचा तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. इथला बुलेटवाला स्वतःच अर्धा फिटर झाला, न होऊन सांगतो कुणाला.

हे दोन तालुके गाडीची परीक्षाही दोन वेगळ्या प्रकारे घेतात. पेडण्याच्या किनाऱ्यावर, केरी, हरमल, मांद्रे, मोरजी ह्या भागात, खारा वारा. मोटारसायकलीवरचे चकचकीत क्रोम म्हणजे प्रत्यक्षात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर. त्याखाली निकेल, त्याखाली पोलाद. क्रोमला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. निकेलचा थर जाड आणि एकसंध असेल तर मीठ तिथेच अडते, पातळ असेल तर पोलादापर्यंत पोचते आणि आतून गंज फुगून क्रोमला फोड आणते. कारखान्याने मुलामा देताना कुठे हात आखडला ते प्रयोगशाळेत न जाता हरमलला दोन पावसाळे काढून कळते. आरे जिथे रिमला मिळतात तिथल्या बारक्या नटांपासून सुरुवात होते, मग सायलेन्सरचा खालचा भाग, मग मडगार्डची आतली कड.

डिचोलीत शत्रू निराळा, लाल धूळ. हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड. हीच बारीक लाल पूड सोनार नि काचकाम करणारे घासून चकाकी आणायला वापरतात. साखळीच्या तेलात ती मिसळली की गाडी चालताना प्रत्येक कडी थोडी थोडी घासली जाते. एअर फिल्टर वेळेवर झाडला नाही तर तीच धूळ सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ चालू होऊन मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांच्या संसाराचे हाल झाले ते सर्वांना ठाऊक आहेत. मोटारसायकलींच्या चेनसेटला मात्र त्या वर्षांत बरे दिवस आले, असे म्हटले तर डिचोलीकर रागावणार नाहीत अशी आशा आहे. आणि दोन्ही तालुक्यांना सामाईक असतो तो वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस.

एखादी गाडी किती भरवशाची हे ओळखायची माझ्या मते एक साधी रीत आहे. ज्यांचे पोट गाडीवर आहे ते कुठली गाडी घेतात ते पाहावे. गोव्यात हे पाहणे सोपे, कारण इथे ‘पायलट’ आहेत, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर भाड्याने माणूस पोचवणारे, सरकारमान्य. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. ९७ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन, लिटरमागे ८० किमीची जाहिरात, आणि घोषणा अशी की पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली, हलकी आणि सुसाट. ह्या जपानी शिकवणीच्या गाड्यांनी ‘विसरून जा’ हा भरवशाचा नवा अर्थ आणला. पायलटांनी तो उचलला. त्यांच्या थांब्यावर शंभर सीसीच्या गाड्यांची रांग लागली, बुलेट औषधालाही सापडेना. सावकार, कंत्राटदार, पोलीस, भाटकार, नाटकमंडळीतला एखादा हौशी, ह्यांच्याकडे बुलेट राहिली. ‘मजबूत’ म्हणणारे हे लोक होते. रोजच्या चार पैशांचा हिशेब करणाऱ्याने काहीही न बोलता मत देऊन टाकले होते.

देशभर तेच झाले. १९९०च्या दशकात आयशर समूहाने कंपनी घेतली, नाव रॉयल एनफिल्ड केले, पण विक्री वाढेना. २००० साली कारखान्याची क्षमता महिन्याला ६,००० गाड्यांची आणि उत्पादन २,०००च्या आसपास. कंपनी विकावी किंवा बंद करावी असा विचार झाला. तेव्हा समूहाच्या मालक घराण्यातले २६ वर्षांचे सिद्धार्थ लाल ह्यांनी थोडी मुदत मागून घेतली. पुढे त्यांनी समूहाच्या पंधरापैकी तेरा धंद्यांतून अंग काढून घेतले आणि ट्रक व मोटारसायकल एवढ्यांवरच लक्ष ठेवले. ही कथा व्यवस्थापनाच्या वर्गांत पुष्कळदा सांगितली जाते, म्हणून इथे थोडक्यात आटोपतो. आपल्याला रस आहे तो इंजिनात.

कारण खरा पेच तिथे होता. ग्राहकांना तोच आवाज, तोच आकार हवा होता, पण तो आकार घेऊन येणारी दुखणी नको होती. पहिला प्रयत्न १९९९च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या एव्हीएल संस्थेच्या मदतीने केलेले अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन. त्यात बुशच्या जागी रोलर आला. त्याचा आवाज जुन्या बुलेटवाल्यांना पटला नाही. खरी उडी नंतरची: इंजिन आणि गिअर एकाच पेटीत असलेले, ज्याला कंपनीने युनिट कन्स्ट्रक्शन म्हटले. नोव्हेंबर २००९ मध्ये ते घेऊन क्लासिक ३५० आणि ५०० भारतात आल्या. तीन डबे गेले, सांधे कमी झाले, तेलाच्या वाटाच बुजल्या. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. गिअर उजव्या पायाचा डाव्या पायाला आला, आणि पेडण्या-डिचोलीतल्या बऱ्याच मोठ्या माणसांनी पहिल्या दिवशी ब्रेक समजून गिअर दाबला.

मग मात्र निराळीच आपत्ती कोसळली. गाडी खपू लागली. २०१० साली वर्षाला पन्नास हजारांच्या घरात असलेली विक्री २०१४ मध्ये तीन लाखांवर गेली. क्लासिकसाठी सहा-सहा महिने, कधी त्याहून जास्त थांबावे लागे. ओरगडमचा नवा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. उत्पादन इतक्या वेगाने वाढते तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांनाही तेवढेच पळावे लागते, आणि घाईत सगळ्यात आधी घसरते ती वरवरची गुणवत्ता: मुलामा, रंग, वायरिंगचे जोड, रबरी नळ्या. इलेक्ट्रिक स्टार्टच्या एकदिशा क्लचच्या तक्रारी ह्याच काळातल्या. २०१६ मध्ये आलेल्या हिमालयनच्या पहिल्या आवृत्तीने तर नावाला चांगलाच बट्टा लावला. गाडी मध्येच बंद पडते, हॅण्डलचे बेअरिंग लवकर जाते, असे अनुभव मालक उघडपणे सांगू लागले. पुढच्या आवृत्त्यांत ह्यातले बरेच सुधारले. पण ‘पत्रा झाला’ ही बोली रूढ झाली ती त्याच वर्षांत.

इथे अभियंत्यांच्या एका आलेखाची ओळख करून घ्यायला हवी. कुठल्याही यंत्राच्या बिघाडांचे प्रमाण काळाबरोबर मांडले तर रेषा आंघोळीच्या टबासारखी दिसते. सुरुवातीला उंच, कारण कारखान्यातल्या चुका पहिल्या काही महिन्यांत उघड होतात. मग लांबलचक सपाट तळ. शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. जुन्या बुलेटचे कौतुक करणारे आपण आज ज्या गाड्या पाहतो त्या सगळ्या पहिल्या चढातून वाचलेल्या असतात. ज्यांचा बुश पहिल्या वर्षी गेला, ज्यांची पेटी तडकली, ज्या मालकाने वैतागून भंगारात घातल्या, त्या कुणाला आठवत नाहीत. १९७८ सालची एखादी बुलेट दसऱ्याला झेंडूची माळ घालून साखळीच्या रस्त्यावर दिसली की आपण म्हणतो, काय गाडी होती! तिच्या बरोबरीच्या ज्या नाहीशा झाल्या त्यांची साक्ष काढायला कुणी जात नाही. नव्या गाडीचा मात्र पहिला चढ आपण स्वतः, हप्ते भरताना भोगतो.

दुसरा बदल कायद्याचा. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये सदोष गाड्या स्वेच्छेने परत बोलावण्याची संहिता आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून तिचे नियमही लागू झाले. त्याच २०२१च्या मे महिन्यात रॉयल एनफिल्डने २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या, डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ दरम्यान बनलेल्या मीटिअर, क्लासिक आणि बुलेट. इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. त्यामुळे इंजिन अडखळू शकत होते, क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकत होते. प्रत्यक्षात भाग बदलावा लागेल अशा गाड्या दहा टक्क्यांहून कमी असतील, असा कंपनीचा अंदाज होता. त्याआधी मे २०१९ मध्ये ब्रेक कॅलिपरच्या बोल्टसाठी सुमारे ७,००० गाड्या आणि नंतर डिसेंबर २०२१ मध्ये मागच्या ब्रेकच्या एका ब्रॅकेटसाठी २६,३०० क्लासिक बोलावल्या गेल्या.

हा आकडा जुन्या कारखान्याच्या मापाने मोजून पाहा. महिन्याला २,००० गाड्यांच्या हिशेबाने २,३६,९६६ गाड्या बनवायला जवळजवळ दहा वर्षे लागली असती. त्या दहा वर्षांत सदोष कॉइल निघाल्या असत्या तर काय झाले असते? कुणी पत्रक काढले नसते. ज्याची गाडी बंद पडली त्याने ती ढकलत गॅरेजवर नेली असती, फिटरने म्हापशाहून कॉइल आणून बसवली असती, जुनी डब्यात टाकली असती, आणि मालकाने पैसे देताना म्हटले असते, ‘मेस्त्री आसा म्हणून बरें.’ दोष फिटरच्या डब्यात जिरत असे आणि श्रेय गाडीच्या नावावर जमा होत असे. आज दोष वर्तमानपत्रात येतो, भाग फुकट बदलला जातो, आणि नाव खराब होते. मला हे उलटे वाटते. परत बोलावणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहेच, पण ती न बोलावणाऱ्या काळापेक्षा बरी.

आता पुन्हा इंजिनाकडे. २०१५ मध्ये कंपनीने इंग्लंडची हॅरिस परफॉर्मन्स ही सांगाडे बनवणारी संस्था विकत घेतली, २०१७ मध्ये ब्रंटिंगथॉर्प इथे संशोधन केंद्र काढले. त्यातून ६५० सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या २०१८ मध्ये आल्या आणि मागोमाग ३४९ सीसीचे जे-मालिकेचे नवे इंजिन. ते नोव्हेंबर २०२० मध्ये मीटिअरवर, सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिकवर आले. पुशरॉड गेले, कॅमशाफ्ट वर डोक्यात चढला, आणि कंपने मारणारी बॅलन्सर शाफ्ट आली. झाले! पुन्हा तक्रार. आता म्हणे गाडीत ‘जान’ नाही. हातात मुंग्या येत नाहीत, आरशात मागचा ट्रक स्पष्ट दिसतो, उभ्या गाडीवरचा नट सैल होत नाही, आणि ह्या सगळ्या सुखांचा मालकाला राग येतो. कंपन म्हणजे वजन, वजन म्हणजे लोखंड, लोखंड म्हणजे मजबुती, असा हिशेब अंगात मुरलेला. वजनाचेच म्हणाल तर नवी क्लासिक १९५ किलोंची आहे, जुन्या लोखंडी बुलेटपेक्षा जड. पत्र्याचा आरोप तराजूवर टिकत नाही.

आणि पोटाची परीक्षा? तीही आता उलटली आहे. हरमल-मोरजीच्या रस्त्याकडेला काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांच्या भाड्याच्या गाड्या पाहा. स्कूटर सर्वांत जास्त हे खरे, पण त्यांच्या शेजारी क्लासिक आणि हिमालयनच्या रांगा असतात. भाड्याची गाडी रोज नव्या अनोळखी माणसाच्या हाती जाते, क्लच जळतो, वाळूत फसते, खड्ड्यात आपटते. बंद पडली तर त्या दिवसाचे भाडे बुडते. पूर्वी ह्या किनाऱ्यावर, त्याहीआधी हणजुणे-वागातोरला, परदेशी पाहुणे जुन्या बुलेट वापरत ते हौसेने, आणि ज्याने गाडी दिली तोच फिटर असे, नाहीतर त्याचा भाऊ फिटर असे. आज धंदा करणाऱ्याला स्वतः पाना धरता आला नाही तरी चालते. मला वाटते, कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे प्रमाणपत्र मोठे. २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात कंपनीने प्रथमच दहा लाखांवर गाड्या विकल्या. तेवढ्या गाड्या पुठ्ठा अंथरून विकल्या जात नसतात.

बाकावरच्या म्हाताऱ्याचे म्हणणे मग कुठे खरे ठरते? दुरुस्तीत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांनंतर कार्बोरेटर गेला, पेट्रोल आता पंपाने, संगणकाच्या हुकमाने आत फवारले जाते. मोसम संपल्यावर जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या भाड्याच्या गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत दव साचते, आतून गंज धरतो. पूर्वी तो कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडके, जेट काढून फुंकर मारली की काम झाले. आता तो पंपाच्या गाळणीत बसतो, पंप टाकीच्या आत, आणि मीटरवर पेटलेला पिवळा दिवा का पेटला ते सांगायला स्कॅनर लागतो. गावच्या गॅरेजातले काही तरुण असे स्कॅनर घेऊन शिकलेही आहेत. पण केरीहून तेरेखोलच्या फेरीला निघालेल्या माणसाची गाडी अर्ध्या वाटेत पूर्ण थांबली, तर सीटखालच्या पिशवीतले काहीही तिच्या कामाचे नाही. ती शंभरदा बिघडत नाही, एकदाच बिघडते, आणि त्या एकदा टेम्पो बोलवावा लागतो.

जुनी बुलेट आज घ्यायची तर तालुका पाहून घ्यावी, नंबरची पाटी तेवढे सांगते. जीए-११ म्हणजे पेडणे. तिथे आऱ्यांचे नट, टाकीच्या तोंडातून दिसणारा आतला पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे आधी बघावा, इंजिन नंतर. जीए-०४ म्हणजे डिचोली. तिथे क्रोमकडे पाहून भुलू नये, ते बहुधा चांगलेच असेल. चेनसेट मोजावा, एअर फिल्टरचा डबा उघडून आत बोट फिरवावे, आणि बोट लाल निघाले तर किंमत कमी करून मागावी. आणि कुठल्याही तालुक्याची असो, लोखंडी इंजिनाची असेल तर मालकाला गाडी आधी तापवून ठेवू देऊ नये. थंड इंजिन आपल्यासमोर, आपल्या पायाने चालू करावे. खाली तेलाचा एखादा थेंब दिसला तर तेवढ्यासाठी सौदा मोडू नये.